रेल्वेची वाघीण आणि तिची प्रतिकृती



फलकावर ‘वाघीण’ हा शब्द वाचून पुढच्या रांगेतली मुले मोठ्या उत्साहाने आलेली दिसतात. त्यांना आधीच सांगून टाकतो, की आजची वाघीण जंगलातली नव्हे, मालगाडीची आहे. इंग्रजी ‘वॅगन’ आपल्या लोकांच्या तोंडी रुळली आणि तिची वाघीण झाली. पुढे वर्तमानपत्रांनी आणि कचेऱ्यांनीही तोच शब्द उचलला. भाषाशुद्धीवाले या शब्दाला हसोत बापडे. आम्हांला तो फार आवडतो, कारण तो पंडितांनी घडवलेला नाही, माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांच्या जिभेवर घडला आहे.

दुसरा आक्षेप थोडा गंभीर आहे. ज्या गावाला रेल्वेच नाही, तिथे रेल्वेच्या डब्याच्या प्रतिकृतीवर तासभर काय बोलणार? इथून गाडी धरायची तर जालना गाठावे लागते. जालना-खामगाव लोहमार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, निवेदने झाली, पाहण्या झाल्या. पण त्या मार्गावरून गाडी काही धावलेली नाही. तरीही या भागाचा कापूस रेल्वेनेच जगात गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाच्या बाजारात उलथापालथ केली, त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७० साली, जलंब ते खामगाव हा १३ किलोमीटरांचा फाटा सुरू झाला. माणसांच्या सोयीसाठी तेरा किलोमीटरांचा फाटा कोणी टाकत नाही. तो टाकला गाठींसाठी. म्हणजे आपल्या जिल्ह्यात रेल्वे शिरली ती मालगाडी म्हणून शिरली. तेव्हा वाघिणीवर बोलायला बुलढाणा जिल्ह्याइतके योग्य ठिकाण दुसरे कोणते, असा आमचा उलटा सवाल आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. छोट्या रेल्वेचा नाद हा श्रीमंतांच्या मुलांचा खेळ, अशी समजूत आहे. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. ते ज्यांनी पाहिले असेल त्यांची ही समजूत पुष्कळ ढिली झाली असेल. अमेरिकेत तर या नादाच्या लोकांची राष्ट्रीय संघटना १९३५ सालीच झाली, आणि तिथे केवळ वाघिणी बांधणाऱ्यांचा एक वेगळा पंथच आहे. एखादी वाघीण कोणत्या कंपनीची, कोणत्या वर्षी बांधलेली, तिच्या छपराच्या पत्र्याला किती सांधे, दाराला कोणती कडी, यावर ही मंडळी रात्ररात्र वाद घालतात. ऐकणाऱ्याला वेड वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. जमिनीच्या सात-बाऱ्यावर एका आण्याचा हिस्सा चुकला तर आपण तीन पिढ्या भांडतो. मग लाखो मणांचे ओझे वाहिलेल्या वस्तूचे दार चुकले म्हणून कोणी भांडले तर त्यात वेड कसले?

आणि वाघिणीच्या बाबतीत हे भांडण करण्याला एक खास कारण आहे. मोठ्या स्टेशनांबाहेर, कारखान्यांच्या दारात, चौथऱ्यावर रंगवून ठेवलेले वाफेचे इंजिन आपण पाहिले असेल. इंजिनाला नाव असते, त्याच्यापुढे फोटो काढतात. दिल्लीला १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे; तिथेही गर्दी असते ती इंजिनाभोवती आणि राजेमहाराजांच्या सलूनभोवती. साधी चारचाकी बंद वाघीण, जिने धान्य, सरकी, सिमेंट, खत, मीठ सगळे वाहिले, ती मात्र आयुष्य संपले की भंगारात जाते. कामगाराचे जसे होते तसेच तिचे. म्हणून कित्येक जातींच्या वाघिणींच्या बाबतीत, कोणी काळजीने बांधलेली वीतभर लांबीची प्रतिकृती हीच काय ती मागे उरणारी काया आहे. ती खोटी बांधली, तर खोटेच शिल्लक राहील.

खरी बांधायची म्हणजे काय? पहिली गोष्ट, साल ठरवायचे. ‘जुनी वाघीण’ अशी वस्तू जगात नसते. अमक्या सालची, अमक्या मार्गावरची वाघीण असते. जालन्याचेच उदाहरण घ्या. मनमाडकडून जालन्यावरून सिकंदराबादकडे जाणारा रस्ता मूळचा मीटरगेज, निजामाच्या राज्यातला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि हा रस्ता तिच्याकडे गेला. पुढे नव्वदच्या दशकात रूळच बदलले, ब्रॉडगेज झाले, आणि मीटरगेजच्या वाघिणी इथून उठल्या. म्हणजे वाघीण तीच, दार तेच, तिच्यात पोती टाकणारी माणसे तीच. पण पंधरा वर्षांच्या आत तिच्या अंगावरच्या मालकाची अक्षरे दोनदा बदलली. ती काही मध्यरात्री एका फटक्यात बदलली नाहीत. वाघीण दुरुस्तीला कारखान्यात जाईल तेव्हा नवा रंग, नवी अक्षरे. तेव्हा १९५२ सालची मालगाडी दाखवायची तर तिच्यात जुन्या आणि नव्या अक्षरांच्या वाघिणी शेजारीशेजारी जोडल्या पाहिजेत. सगळ्या सारख्या रंगवल्या की गाडी देखणी दिसते आणि इतिहास मरतो.

दुसरे लक्षण जोडणीचे. ब्रॉडगेजच्या जुन्या वाघिणींना दोन्ही टोकांना दोन-दोन बफर आणि मध्ये फिरकीची साखळी असे. आपल्या मीटरगेजला बाजूचे बफर नव्हतेच, मध्ये एकच, त्यातच आकडा. बाजारातून परदेशी बनावटीची तयार वाघीण आणून तिच्यावर मीटरगेजची अक्षरे चिकटवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ते म्हणजे बैलाला उंटाचे कातडे पांघरण्यासारखे आहे. ब्रेकचेही तसेच. जुन्या वाघिणींचा ब्रेक निर्वाताचा, अलीकडच्या वाघिणींचा दाबाच्या हवेचा. हल्ली कोळसा वाहणारी जी उघडी वाघीण पारसच्या वीज केंद्राकडे जाताना दिसते तिचे नाव ‘बॉक्स-एन’. त्यातला ‘एन’ हा हवेच्या ब्रेकची खूण आहे. तिच्या खालच्या नळ्या जुन्या वाघिणीखाली लावल्या तर ती अजून न जन्मलेल्या नातवाचा सदरा घालून उभी राहील.

आता माप. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण १:८७ आहे. म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. या प्रमाणाचे तयार रूळ मिळतात, त्यांच्यातले अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणा: १,४३५ मिलिमीटर. हे झाले युरोप-अमेरिकेचे गेज. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. तयार रुळावर भारतीय वाघीण ठेवली की तिचे पाय पावणेतीन मिलिमीटरने जवळ येतात. यावर तीन वाटा आहेत. रूळ स्वतः बांधावेत, किंवा प्रमाण १:१०० धरावे म्हणजे तेच तयार रूळ जवळजवळ बरोबर बसतात, किंवा डोळा झाकावा. बहुतेक लोक तिसरी वाट धरतात. आमची शिफारस चौथीच आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने नॅरोगेज बांधावे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागून पावणेनऊच्या आसपास. नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. फरक काळजी करण्याइतका राहत नाही, आणि वस्तू आपल्या घरची होते.

कागदावर नकाशा हाती नसेल तर छायाचित्रावरून माप काढावे लागते. त्यासाठी चित्रात एक तरी ठाऊक माप हवे. पुष्कळजण चाक धरतात. चाकावर विश्वास ठेवू नये. बॉक्स-एनचे चाक नवे असताना १,००० मिलिमीटर व्यासाचे असते आणि झिजत झिजत ९०६ पर्यंत चालते. म्हणजे चाक धरून मोजणाऱ्याची सगळी वाघीण शेकडा नऊने चुकू शकते. डब्याची लांबी ठाऊक असेल तर ती धरावी. बॉक्स-एन एका जोडणीपासून दुसऱ्या जोडणीपर्यंत १०,७१३ मिलिमीटर, आपल्या प्रमाणात १२३. उंचीचाही एक बारकावा सांगतो. ब्रॉडगेजवर बफरची उंची रुळापासून जास्तीत जास्त १,१०५ आणि कमीत कमी १,०३० मिलिमीटर असते. रिकामी वाघीण स्प्रिंगवर उंच उभी राहते, भरलेली खाली बसते. सत्त्याऐंशीव्या हिश्शात हा फरक एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही, पण भरलेली वाघीण ताठ उभी दाखवली की डोळ्याला कुठेतरी खटकते. ज्याने आयुष्यात ओझे उचलले आहे त्याला तर लगेच खटकते. ओझ्याखाली अंग कसे बसते हे त्याला शिकवावे लागत नाही.

एका ठिकाणी मात्र खरेपणा सोडावाच लागतो. बॉक्स-एनचे रिकामे वजन साडेबावीस टन. प्रतिकृतीचे वजन प्रमाणात हवे म्हटले तर ८७ ने एकदा नव्हे, तीनदा भागावे लागते, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात. उत्तर येते चौतीस ग्रॅम. एवढी हलकी वाघीण पहिल्या वळणावर रूळ सोडते. अमेरिकन संघटनेचा अनुभवाने बसवलेला हिशेब आहे, त्याप्रमाणे एवढ्या लांबीला सत्त्याण्णव ग्रॅमच्या आसपास लागतात. तेव्हा तळाशी शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा लपवायचा. याला आम्ही खोटेपणा म्हणत नाही.

आता ज्या भागाशी आमचा जन्माचा संबंध आहे त्याकडे येतो. आमची हयात हमाल-मापाड्यांच्या संघटनेत गेली. वाघीण आम्ही बाहेरून नव्हे, दारातून पाहिली.

मूर्तिजापूरला नॅरोगेज आणि ब्रॉडगेज भेटत. एका बाजूला यवतमाळ, दुसऱ्या बाजूला अचलपूर, मिळून १८९ किलोमीटरांचा हा रस्ता. लोक त्याला शकुंतला म्हणतात. किलिक निक्सन या कंपनीने तो कापसासाठी बांधवला. १९९४ च्या एप्रिलपर्यंत त्यावर वाफेचे इंजिन चालत होते, त्याच्या आठवणी वर्तमानपत्रांत दरवर्षी येतात. पण कापसाची गाठ यवतमाळहून मुंबईला जाताना मूर्तिजापूरला काय होत असे, हे कोणी लिहीत नाही. छोट्या वाघिणीचे चाक मोठ्या रुळावर चढत नाही. तेव्हा प्रत्येक गाठ एका वाघिणीतून उतरून दुसरीत चढली पाहिजे. जुन्या हिशेबात गाठ ३९२ पौंडांची, आता १७० किलोची. ती पाठीवर घेता येत नाही. आकड्याने ओढून, लोळवत न्यावी लागते. दोन गेजांमधला फरक सरकारच्या लेखी फुटा-इंचांचा होता. खरा तो हमालाच्या कमरेत मोजला गेला.

याला उपाय नव्हता असे नाही. बार्शी लाइट रेल्वे ज्याने १८९७ साली उभी केली त्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने वाघिणींचा फार बारीक विचार केला होता. त्याने धुरीवरचा भार पाच टनांवर बांधून घेतला, लीड्सच्या कारखान्यातून दाबलेल्या पोलादाचे सांगाडे करवून घेतले, आणि मालाच्या वाघिणींना एकाच पंचवीस फुटी सांगाड्यावर बसवले. त्यामुळे बार्शीची एक वाघीण नीट साधली की पुढच्यांचा खालचा भाग तोच; आपल्या प्रमाणात लांबी साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर. नव्या माणसाने सुरुवात इथून करावी. याच कॅल्थ्रॉपने पुढे इंग्लंडात, १९०४ साली सुरू झालेल्या मॅनिफोल्ड खोऱ्यातल्या नॅरोगेजवर, अशी वाघीण चालवली की जिच्या पाठीवर मोठ्या गेजची भरलेली वाघीण जशीच्या तशी चढवता येई. माल उतरवायला नकोच. तिथे शेतकऱ्याचे दूध होते आणि मजूर महाग होता. इथे कापूस होता, मजूर स्वस्त होता. यंत्र कुठे जन्मते आणि कुठे जन्मत नाही, हे कळायला अर्थशास्त्राची पोथी लागत नाही. या दोन वाघिणी शेजारी ठेवल्या की पुरे.

आम्ही बांधलेल्या एका बंद वाघिणीकडे एक वृद्ध हमाल बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, “दार लावलंय, पण मोहर कुठंय?” दाराच्या कडीत तार ओवून तिच्यावर शिशाची मोहर मारतात; ती तुटलेली निघाली तर माल कमी भरल्याचा आळ पहिल्यांदा हमालावर येतो. नकाशात कडी असते, मोहर नसते. ती बसवली, अर्ध्या मिलिमीटरचा करडा ठिपका. मग त्यांनी आणखी सांगितले, की लाकडी तळाची वाघीण दाराच्या तोंडाशी खळगा पडून झिजे, कारण सगळे ओझे तिथेच वळे. आणि दाराची एक बाजू हाताच्या उंचीवर गुळगुळीत, काळपट होई. हे ज्ञान कोणत्याही कार्यालयाच्या कपाटात नाही. ते निवृत्त हमालांजवळ आहे, वाघिणी तपासणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्यांजवळ आहे, कुर्डुवाडीच्या कारखान्यात ज्यांनी रिव्हेट ठोकले त्यांच्याजवळ आहे. ही माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आमचे तरुणांना सांगणे आहे, की चिमटा आणि पत्रा हातात घेण्याआधी वही घेऊन यांच्याकडे जा.

वाघीण भरायची कशाने, हाही इतिहासाचाच प्रश्न. जुने क्विंटलचे तागाचे पोते रिकामे असताना ११२ सेंटिमीटर लांब. पन्नास किलोचे ९४. जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की एका पुरुषाने उचलायचे ओझे ५५ किलोंहून अधिक नसावे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला. पोते मात्र कायद्याच्या मागून, फार रखडत, लहान होत गेले; अजूनही काही बाजारांत ते पुरते झालेले नाही. सत्त्याऐंशीव्या हिश्शात जुने पोते तेरा मिलिमीटर आणि नवे अकराच्या आत. १९६० सालच्या वाघिणीत अकरा मिलिमीटरचे पोते टाकले तर दोन मिलिमीटरांची चूक होते. या दोन मिलिमीटरांसाठी किती मोर्चे निघाले आणि किती दिवस बाजार बंद राहिले, ते आम्ही जाणतो. म्हणून पोत्याच्या मापाबद्दल आम्ही कुणाचे ऐकत नाही.

बांधणीचे सामान फार लागत नाही. अर्धा आणि एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पत्रा, बारीक पितळी तार, धारदार पाते, पोलादी पट्टी. पहिल्या एक-दोन वाघिणी लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याच्या केल्या तरी चालतात. आपल्याकडे वैशाखानंतर हा कच्चा माल घरोघर फुकट मिळतो. रिव्हेट उठवायला पातळ पत्र्याच्या मागून बोथट सुईने हलके दाबावे, पट्टीच्या कडेने, सारख्या अंतराने. पण आधी त्या वाघिणीला रिव्हेट होते का ते पाहावे. बॉक्स-एन ही वेल्ड केलेली आहे. तिच्यावर रिव्हेटांच्या रांगा उठवणे म्हणजे मिलच्या कापडावर हातमागाचा शिक्का मारणे.

रंग तांबूस तपकिरी, चकाकी नसलेला. खरे काम रंगानंतर सुरू होते. कोळशाच्या वाघिणीच्या बाजू आतल्या दाबाने बाहेर फुगलेल्या असतात, खालची दारे वाकलेली असतात, आतला पत्रा काळा-तांबडा झालेला असतो. सिमेंटच्या वाघिणीच्या छपरावर आणि दाराच्या फटीत करडी पूड बसलेली. नवी कोरी वाघीण मालगाडीत शंभरात एखादी असते. प्रदर्शनात मात्र शंभरच्या शंभर कोऱ्या असतात, आणि परीक्षक त्यांनाच बक्षीस देतात.

अक्षरांना सर्वांत अधिक वेळ द्यावा. मालकाची अक्षरे, क्रमांक, रिकामे वजन, किती टन भरायचे ते, मागची मोठी दुरुस्ती कुठे व केव्हा झाली, आणि परत कारखान्यात केव्हा जायचे. आपल्यापैकी किती जणांच्या अंगावर इतकी नोंद असते? या शतकाच्या आरंभी अकरा आकडी क्रमांक आला: पहिले दोन आकडे वाघिणीच्या जातीचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, नंतरचे दोन बांधणीच्या सालाचे, मग चार तिचे स्वतःचे, आणि शेवटचा पडताळ्याचा. १९९० सालच्या गाडीवर हा क्रमांक दिसला तर बाकी काही तपासू नये. छपाईची एक अडचण आहे. अक्षरे पांढरी, आणि साध्या यंत्रातून पांढरी शाई निघत नाही. तेव्हा पाण्याने सुटणाऱ्या पांढऱ्या चिकटकागदावर तपकिरी पार्श्वभूमी छापून अक्षरांपुरती जागा कोरी सोडावी, आणि कडा रंगात मिसळून टाकाव्यात. रंगाची छटा तंतोतंत जुळायला चार-पाच नमुने फुकट जातात. ते जाऊ द्यावेत.

हे सगळे वाळले, की शेवटी खडू. माल भरून झाला की वाघिणीच्या अंगावर कुणीतरी खडूने ठिकाणाचे नाव, एखादा आकडा, एखादी फुली ओढत असे. तो पावसाने पुसला जाई, त्यावर दुसरा चढे. सत्त्याऐंशीव्या हिश्शात ही अक्षरे पांढऱ्या पेन्सिलीला सुईसारखे टोक काढून लिहावी लागतात, श्वास रोखून, दाराच्या डाव्या अंगाला, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. जमिनीवर उभ्या माणसाच्या नव्हे. फलाटावर उभ्या माणसाच्या.